महोत्सवाची दुपार बंद करू नका

प्रति,
आपल्या भागातील उन्हाळी खाद्य-संस्कृती महोत्सवाची संयोजन समिती
आणि सर्व रहिवासी बंधू-भगिनी,
सहकारनगर-तळजाई परिसर, पुणे

सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात वाचनालयाच्या फळ्यावर समितीची सूचना लागली. पुढच्या वर्षी महोत्सव दोन्ही दिवस संध्याकाळी पाच ते साडेदहा एवढाच होईल, सकाळ-दुपारचं सत्र रद्द, आणि स्टॉल ठरलेल्या भाड्यानं न देता बोली लावून दिले जातील, असं त्यात आहे. खाली कारणंही दिली आहेत. दुपारी विक्री होत नाही, ऊन फार असतं, मांडवाचं भाडं दुप्पट पडतं. यातलं एकही कारण खोटं नाही. तरी हे पत्र लिहिते आहे, कारण यंदाच्या महोत्सवातल्या रविवारी सकाळी अकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत मी मैदानावर होते आणि दुपारी तिथं जे घडलं ते समितीच्या जमाखर्चात कुठंच आलेलं नाही.

आधी तुमचे आभार मानते. परवानग्या, मांडव, विजेचं तात्पुरतं कनेक्शन, पाण्याचा टँकर हे सगळं नोकऱ्या सांभाळून तुम्ही उभं केलंत. संध्याकाळची गर्दी मीही पाहिली. एरवी नळावर भांडणारी माणसं एका बाकावर बसून मस्तानी पीत होती. त्या संध्याकाळबद्दल माझी काही तक्रार नाही. माझं म्हणणं फक्त दुपारबद्दल आहे.

एक मेला शाळांचे निकाल लागले आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून माझ्या नातीचं "आता काय करू" सुरू झालं. नऊ वर्षांची आहे. आम्ही लहान असताना मे महिना म्हणजे मामाचं गाव. तिचा मामा धनकवडीला राहतो, दोन बसथांब्यांवर, आणि त्याला मे महिन्यात सुट्टी नसते. आपल्या भागातल्या बहुतेक मुलांची हीच गत आहे. आई-वडील कामावर, घरात पंखा आणि हातात मोबाइल. म्हणून रविवारी सकाळी तिला म्हटलं, चल, मैदानावर जाऊ. संध्याकाळी गर्दीत हात सुटतो, आत्ताच जाऊन येऊ.

अकरा वाजता मैदान जवळपास रिकामं होतं. कडुनिंबाखाली चार-पाच स्टॉल उघडे होते. पलीकडं उघड्यावर, शाळेच्या कट्ट्याला लागून, जुनी धोतरं आणि प्लास्टिकचे कागद अंथरलेले होते आणि त्यावर कुरडया. पांढऱ्याशुभ्र, ओल्या, एकीला एक न चिकटता ओळीनं घातलेल्या. पलीकडच्या वस्तीतल्या एक आजी पहाटे सहाला येऊन हे करून बसल्या होत्या. त्यांची सून आपल्याच भागात चार घरी पोळ्या करते. दोघींनी मिळून दुसऱ्या एका बाईबरोबर पाचशे रुपयांचा स्टॉल अर्धा-अर्धा वाटून घेतला होता. आजींचा नातू, अकरा वर्षांचा, कट्ट्यावर मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. आपल्या आजीकडं त्यानं एकदाही मान वर करून पाहिलं नाही. ही आपली आजी आहे हे कुणाला कळू नये असं त्याला वाटत होतं की काय, असं मला वाटून गेलं.

साडेबाराच्या सुमाराला आजींनी दुसरा घाणा घेतला, थोडासाच, लोकांना दाखवण्यापुरता. त्या वेळी तिथं आम्ही मोजून सात-आठ माणसं आणि दहाएक मुलं होतो, म्हणूनच त्यांना बोलायला सवड मिळाली. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, नाहीतर वास धरतो. चौथ्या दिवशी वाटून, पिळून, गाळून घ्यायचा. गाळलेलं रात्रभर ठेवलं की चीक खाली बसतो आणि वर पाणी राहतं, ते अलगद ओतून टाकायचं. मग एक भांडं चीक असेल तर एक भांडं पाणी आधणाला ठेवायचं, मीठ, हिंग, आणि उकळी फुटली की चीक ओतत हाटत राहायचं. आजी सांगत होत्या आणि चाटू फिरवत होत्या. पांढरं पाणी बघता बघता दाटलं, मग चकाकी आली, मग चाटू जड झाला. "आता हात थांबला की गाठ झाली," त्या म्हणाल्या आणि हात न थांबवता मान वळवून हाक मारली, "ये की रं, धर जरा."

मुलगा उठला. मोबाइल कट्ट्यावर ठेवून आला आणि आजीच्या हातावर हात ठेवून त्यानं चाटू धरला. माझी नात त्याला विचारते, "तुला येतं हे?" तो म्हणाला, "माझी आजी आहे ती."

सगळ्या मुलांना वाटीत गरम चीक मिळाला, वर दूध आणि साखर. आपल्या लहानपणी चीक खायला मिळावा म्हणून कुरडयांच्या दिवशी आपण अंथरुणातून न बोलावता उठायचो, हे तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाला आठवत असेल. नातीनं पहिला घास घेतला, जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं वाटी सोडली नाही. उरलेला चीक सोऱ्यात भरला आणि आजींनी गोल गोल घालायला सुरुवात केली. मुलांनी घातलेल्या कुरडया आजही ओळखू येतात, त्या गोल नाहीत.

दोन वाजता सकाळच्या कुरडया उलटायच्या होत्या. वरून कडक झालेल्या, खालून अजून ओल्या. उशीर झाला तर कापडाला चिकटतात, घाई केली तर मोडतात. आजींनी एकेका मुलाचं बोट धरून दाखवलं, कड सुटली आहे का ते बोटाला कसं कळतं. कावळे होतेच. तो मुलगा काठी आणि काळी छत्री घेऊन राखणीला बसला आणि चार वाजेपर्यंत उठला नाही. माझी नात त्याच्या शेजारी. मोबाइल कट्ट्यावर तसाच पडून होता, शेवटी त्याच्या आईनं उचलून पिशवीत टाकला.

समितीला माझं पहिलं सांगणं हेच आहे की हे संध्याकाळी सात वाजता होत नाही. तळलेली कुरडई रात्री दहालाही मिळेल, पण कुरडई घालणं आणि वाळवणं याला ऊन लागतं. पापड, सांडगे, शेवया, बटाट्याचा कीस, सगळ्याला ऊन लागतं. आपल्या महोत्सवाच्या नावात खाद्याबरोबर संस्कृतीही आहे. आपल्या उन्हाळ्याची संस्कृती वाळवणाची आहे, आणि ऊन पाचनंतर कलतं.

आणि हे काही एका जातीचं, एका जिल्ह्याचं नाही. त्या दुपारी फिरताना माझ्या लक्षात आलं की आपल्या गल्लीत जेवढ्या बोली आहेत तेवढी वाळवणं आहेत. आमच्या समोरच्या इमारतीतल्या गुजराती बेन छुंदा घेऊन आल्या होत्या. किसलेली कैरी, साखर, मीठ, हळद, पातेल्याला पातळ कापड बांधून उन्हात. आठ-दहा दिवस रोज बाहेर ठेवायचं, रोज हलवायचं, शेगडीला हात लावायचा नाही, पाक उन्हातच धरतो. तिखट आणि जिरं शेवटी. त्यांनी एक पातेलं दुसऱ्या दिवसाचं आणि एक बरणी नवव्या दिवसाची अशी शेजारी ठेवली होती. साखरेचं पाणी आणि पाक यात उन्हानं काय फरक पडतो ते मुलांना एका नजरेत कळलं. राजस्थानातून आलेल्या एक काकू मुगाच्या मंगोड्या घालत होत्या. आपण ज्यांना सांडगे म्हणतो त्यांचीच ही बहीण.

सोलापूरच्या पूर्व भागातून आलेल्या अक्का होत्या, माहेरचं घर विणकराचं, घरात तेलुगू आणि बाहेर आपल्यापेक्षा चांगली मराठी. त्यांनी आवकाय, म्हणजे आंध्राकडचं कैरीचं लोणचं, घातलं. कैरी कोयीच्या कवचासकट फोडायची, कारण कवच असलं तर फोड वर्षभर मऊ पडत नाही. मोहरीची पूड, तिखट, मीठ, तिळाचं तेल. तिसऱ्या दिवशी ढवळायचं. कैरी फोडायचा अडकित्ता त्यांनी घरून आणला होता, आणि फोडताना होणारा तो खट्ट आवाज ऐकून पलीकडच्या इमारतीच्या गॅलरीतून दोन बायका खाली उतरल्या. अक्कांनी दुपारी फारसं विकलं नाही हे खरं. पण तीन घरांनी पुढच्या वर्षीचं लोणचं सांगून ठेवलं. ते समितीच्या वहीत "विक्री शून्य" या रकान्यात गेलं असणार.

दुपारी तीनच्या सुमाराला आंबील होती. ज्वारीचं पीठ रात्रभर ताकात भिजवलेलं, शिजवून थंड केलेलं, वर लसूण-जिरं. तिथं बसल्यावर कुरडयावाल्या आजी 1972 च्या दुष्काळाचं सांगू लागल्या. त्या परांडा तालुक्यातल्या. तेव्हा नवीन लग्न झालेलं, दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. खायला लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, आणि कामावर मिळणारी सुकडी, म्हणजे पौष्टिक पिठाचा कोरडा खाऊ. मिलोची भाकरी थापताना चिरत जायची म्हणाल्या, आणि सुकडी मुलांसाठी पदरात बांधून आणायची. दोन उन्हाळे घरात गहूच नव्हता, कुरडया कुठून करणार. मग पुण्याला आल्या, बांधकामावर. पुण्यातली पहिली कुरडई त्यांनी अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या स्लॅबवर घातली. "स्लॅब बरा तापायचा," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या नातवाला हे माहीत नव्हतं. सुनेलाही नव्हतं, तिनंच मला नंतर सांगितलं.

हे ऐकताना मला माझ्या आईची आठवण झाली. आमचं मूळ बिऱ्हाड नदीकाठच्या पेठेत, वाड्यात. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं आणि पूर आला. तारीख नीट पाहा, जुलैचा दुसरा आठवडा. म्हणजे वर्षाची बेगमी नुकतीच भरून झाली होती. आईला भांडीकुंडी गेल्याचं दुःख होतंच, पण तिच्या बोलण्यात शेवटपर्यंत यायच्या त्या बरण्या. लोणच्याच्या, साखरआंब्याच्या, आणि पापड-कुरडयांचे पत्र्याचे डबे. पूरग्रस्त म्हणून पुढं या बाजूला घर मिळालं. इथल्या पहिल्या उन्हाळ्यात, शेजारी कोण कुठल्या पेठेतलं, कुणाचं आडनाव काय, हेही धड माहीत नसताना सगळ्या बायकांनी मिळून एका अंगणात वाळवण घातलं, कारण कुणाकडं पाट होते तर सोऱ्या नव्हता आणि कुणाकडं सोऱ्या होता तर परात नव्हती. सहकारनगर या नावातला सहकार मला आईच्या तोंडून असा कळला. पूरग्रस्तांची, दुष्काळानं आलेल्यांची आणि परवा नोकरीसाठी आलेल्यांची घरं आज एका चौकात आहेत, आणि त्यांना एकत्र बसवायला त्या दुपारइतकी चांगली जागा मी गेल्या कित्येक वर्षांत पाहिलेली नाही.

आता तुमच्या कारणांकडं येते.

ऊन. हा धोका खरा आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशीला टेकतो, आणि यंदा दुपारी एका ज्येष्ठ गृहस्थांना मैदानावर चक्कर आली होती, ते मीही पाहिलं. पण त्यावर उपाय दुपार रद्द करणं हा नाही. वाळवण उन्हात राहू दे, माणसं सावलीत बसू देत. कट्ट्यापासून कडुनिंबापर्यंत हिरवी जाळी बांधली तर पुरते. मोठा मांडव दुपारी लागतच नाही, तो संध्याकाळपुरता घ्या, भाड्याचाही प्रश्न सुटतो. चार माठ, वाळा घातलेलं पाणी, कैरीचं पन्हं, बसायला सतरंज्या, आणि मीठ-साखरेच्या पाण्याची माहिती असलेला एक माणूस. आपल्या भागात दोन निवृत्त परिचारिका राहतात, दोघींशी मी बोलले आहे, दोघी तयार आहेत.

तारखेचंही पाहा. महोत्सव मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ढकलायचं चाललं आहे असं ऐकलं. तसं करू नका. वळवाची एक सर आली की वाळवण गेलं, आणि 2025 मध्ये तर 26 मेलाच मोसमी पाऊस पुण्यात येऊन पोचला होता. निकाल लागल्यानंतरचा पहिला शनिवार-रविवार हीच योग्य वेळ. तेव्हा पुष्कळ घरची मुलं अजून बाहेरगावी गेलेली नसतात.

बोली. याबद्दल मला सर्वांत जास्त वाटतं. बोली लागली की स्टॉल कुणाला मिळणार हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. शहरभर प्रदर्शनं करत फिरणाऱ्यांना. त्यांच्या पोटावर पाय द्यावा असं मी म्हणत नाही, त्यांना संध्याकाळचे काही स्टॉल बोलीनं द्या, खर्च भरून काढा. पण चार घरच्या पोळ्या करणारी बाई बोलीत कुठून उभी राहणार? ती यंदा पाचशे रुपयेसुद्धा एकटी भरू शकली नाही. निदान निम्मे स्टॉल याच भागात राहणाऱ्यांसाठी ठरलेल्या भाड्यात ठेवा. मोमोंबद्दल बैठकीत कुणीतरी नाक मुरडलं होतं म्हणे. आपल्या कोपऱ्यावरच्या इमारतीचे नेपाळी रखवालदार आणि त्यांची बायको बारा वर्षं इथं राहतात, त्यांच्या हातचे मोमो आपल्या महोत्सवात असायलाच हवेत. पदार्थ कुठला हा प्रश्न नाही. करणारे हात आपल्या गल्लीतले आहेत का, एवढंच पाहायचं.

नोंदणीशिवाय स्टॉल नाही, ही नवी अट मात्र मला पूर्ण मान्य आहे. अन्न सुरक्षा कायदा 2006 चा आहे, आणि लोकांच्या पोटात जाणाऱ्या गोष्टीला नियम हवाच. फक्त ही अट कुणाला बाहेर ठेवण्याचं निमित्त होऊ नये. घरगुती, लहान व्यवसायाला मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते. फोटो, ओळखपत्र आणि ऑनलाइन अर्ज. अर्ज इंग्रजीत भरायचा म्हटलं की या बायका मागं सरतात. मार्चमध्ये दोन रविवार वाचनालयात बसून आपण ते भरून देऊ. कॉलेजातली पोरं मदत करतील, त्यांना नुसतं सांगायचा अवकाश.

आणखी एक गोष्ट, लहान वाटेल पण मला ती बोचली. सोमवारी सकाळी मी मैदानावरून गेले तेव्हा आपल्याकडं कचरा गोळा करायला येणाऱ्या ताई खरकट्यातून प्लास्टिकचे चमचे आणि पेले हातानं वेगळे काढत होत्या. प्लास्टिकची ताटं-पेले राज्यात 2018 पासून आणि देशात 1 जुलै 2022 पासून बंद आहेत. शंभराहून जास्त माणसं जमणार असतील तर महापालिकेला आधी कळवायचं आणि कचरा जागेवरच वेगळा करायचा, हे घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांतच सांगितलेलं होतं. पुण्यात कचरावेचकांनी 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, पुढं 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली, आणि देशभरातून लोक ते काम बघायला येतात. त्याच शहरात, आपल्याच उत्सवानंतर, त्या ताईंनी खरकट्यात हात घालावा हे बरं दिसत नाही. पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण मंडईत मिळतात. पाण्याला स्टीलचे पेले ठेवू, विसळायला मी बसेन. आणि त्या ताईंना पुढच्या वर्षी एक स्टॉल द्या. त्यांच्या हातचं हुलग्याचं माडगं मी खाल्लं आहे, गूळ घातलेलं, गरम. पावसाळ्यात अंगात ताप असताना त्यांनीच डब्यातून आणून दिलं होतं.

ध्वनिक्षेपकाला रात्री दहापर्यंतचीच मुभा असते, तेव्हा साडेदहाचंही एकदा पाहून घ्या. पलीकडच्या गल्लीत दहावीचं वर्ष असलेली आणि आजारी माणसं आहेत.

माझी मागणी थोडक्यात अशी नाही की सगळं माझ्या मनासारखं करा. दोन्ही दिवस नाही जमलं तर एक दिवस, रविवारी, सकाळी आठ ते चार मैदान आम्हाला द्या. मांडव नको, स्टेज नको, माइक तर नकोच, कारण माइक लागला की आजी बोलायच्या थांबतात. प्रत्येक स्टॉलवर एक पाटी मात्र हवी, पदार्थाचं नाव आणि करणारीचं गाव. यंदा पाट्यांवर नुसते दर होते. त्या आठ तासांची जबाबदारी मी घेते. कुरडयावाल्या आजी, छुंदा करणाऱ्या बेन, अक्का, मंगोड्यावाल्या काकू, सगळ्यांना विचारून झालं आहे, सगळ्या हो म्हणाल्या आहेत. आजींच्या नातवानं तर राखणीचं काम आत्ताच मागून घेतलं आहे.

रविवारी वाचनालयात समितीची बैठक आहे, मी येते आहे. त्या दुपारच्या कुरडयांपैकी मुलांनी घातलेल्या वाकड्या कुरडया आजींनी नातीला डबा भरून दिल्या होत्या. त्यातल्या पंधरा-वीस अजून शिल्लक आहेत. तळून आणते.

आपली,
याच भागातली एक रहिवासी
पुणे, जून